उन्मादमुक्ताचा वांटा

जुन्या दप्तरांत काम करणाऱ्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. मनुष्य आजारी पडला कीं त्याचा कागद होतो. बरा झाला कीं बहुधा होत नाहीं. इतर रोगांविषयीं हें जितकें खरें आहे, त्याहून अधिक तें चित्तभ्रमाविषयीं खरें आहे. अमक्यास वेड लागल्यामुळें त्याचें काम दुसऱ्याकडे सोंपविलें, अशा आशयाची ओळ संग्राहकाच्या पाहण्यांत केव्हां तरी येते. तो शहाणा होऊन पुनः कामावर रुजू झाला, अशी ओळ क्वचितच दिसते. यावरून वेड लागलेला मनुष्य कधींच बरा होत नसे असें अनुमान काढणें सोपें आहे, आणि पुष्कळांनीं तें काढलेंही आहे. हें अनुमान कितपत टिकतें, आणि बऱ्या झालेल्या मनुष्यास आपल्या घरीं व समाजांत पुनः स्थान मिळण्याची सोय कोणीं कशी केली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं कोंकणांतील एका घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आला होता. रुमाल सोडून कागद लावीत असतां एक मोडी वांटणीपत्र हातीं लागलें. त्यांत चार भावांचीं नांवें होतीं. तिघांस वांटे नेमून दिले होते. चौथ्याच्या नांवापुढें, त्यास भ्रम झाला असल्यामुळें वांटा नाहीं, अन्नवस्त्र मात्र तिघांनीं मिळून चालवावें, अशा अर्थाचा मजकूर होता. एवढें वाचून होतें न होतें तोंच घरचे वृद्ध यजमान म्हणाले, "गुरुजी, तेवढा एक कागद राहूं द्या. घरांत नातींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत." त्यांचें म्हणणें आम्हांस मोडवेना. कागदाची घडी करून तो त्यांच्या हातीं दिला. पुढें दोन वर्षांनीं त्याच घरीं पुनः जाणें झालें. तेव्हां रुमाल जागच्या जागीं होता, परंतु तो कागद त्यांत नव्हता. खालच्या पांचसात ओळी वाचावयाच्या राहिल्या त्या राहिल्याच. त्या ओळींत काय असणें संभवनीय होतें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत आहे. त्याचा शोध घेऊं लागल्यावर प्रथम हातीं घ्यावी लागली ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतील दायविभागप्रकरणांत अनंश, म्हणजे वांट्यास अनधिकारी, अशा व्यक्तींची गणना आहे. तींत क्लीब, पतित, पंगु, अंध, जड आणि असाध्य रोगानें ग्रासलेला यांच्याबरोबर उन्मत्ताचेंही नांव येतें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतही अशीच गणना आहे. हा नियम कठोर आहे, आणि तो तसा नव्हता असें भासविण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि त्याच ठिकाणीं अशा व्यक्तींचें भरणपोषण करणें हें वांटेकऱ्यांवर बंधन म्हणून घातलें आहे. मनूनें तर तें न करणारा पतित होतो असें बजावलें आहे. त्यांचे पुत्र निर्दोष असल्यास त्यांस भाग मिळावा, कन्यांचा विवाहापर्यंत सांभाळ व्हावा, आणि सदाचरणी निपुत्रिक स्त्रियांसही पोसावें, असें याज्ञवल्क्य पुढें सांगतो.

कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभीं, विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर आपली टीका लिहिली. महाराष्ट्रदेशांत वारसाच्या व वांटणीच्या व्यवहारांत तिचा अधिकार दीर्घकाळ मान्य होता. वरील वचनाचें विवरण करतांना त्यानें तीन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. पहिली अशी कीं, 'उन्मत्त' या पदाचा अर्थ तो वैद्यकांतून घेतो. वात, पित्त, कफ, सन्निपात व ग्रहावेश यांपासून होणाऱ्या उन्मादांपैकीं एखाद्यानें जो ग्रासला तो उन्मत्त. दुसरी अशी कीं, दोष वांटणीपूर्वीं उत्पन्न झाला असेल तरच भाग जातो. वांटणी होऊन गेल्यावर भ्रम झाला, तर हातीं आलेला वांटा काढून घेतां येत नाहीं. तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. वांटणी होऊन गेल्यानंतरही औषधादि उपायांनीं दोषाचें निर्हरण झालें, तर त्या मनुष्यास त्याचा भाग मिळतो. विभागानंतर जन्मलेल्या पुत्रास ज्या न्यायानें भाग मिळतो, तोच न्याय येथें लावावा, असें तो म्हणतो. हा सर्व विचार पुरुषांपुरता नसून पत्नी, कन्या, माता यांसही लागू आहे, असाही त्याचा खुलासा आहे.

हा दृष्टांत नीट पाहण्याजोगा आहे. वांटणी एकदां झाली, शेतें निरनिराळ्या नांवांवर गेलीं, घराच्या मध्यें भिंत उभी राहिली, म्हणजे ती पुनः उघडणें कोणासही रुचत नाहीं. तरीही मागाहून पुत्र जन्मला तर ती उघडावी लागते. बरा झालेला भाऊ हा त्या पुत्रासारखा समजावा, त्याच्या आजारांत जीं वर्षें गेलीं त्यांमुळें त्याचा हक्क बुडाला असें मानूं नये, हें या न्यायाचें तात्पर्य होय. शास्त्रकार कधीं कधीं केवळ संभवाचाही विचार करतात हें खरें. तथापि व्यवहाराध्याय हा भांडणांचा निवाडा करणाऱ्यांसाठीं असतो. उन्मादांतून मुक्त झालेला मनुष्य वांटा मागावयास येऊं शकतो, हें टीकाकारास अशक्य वाटलें असतें तर त्यानें त्याचा निकाल देण्याचा खटाटोप केला नसता. आमच्या त्या वांटणीपत्राच्या खालच्या ओळींत 'भ्रम गेल्यास' अशी एखादी अट असणें शास्त्राच्या दृष्टीनें असंभवनीय नव्हतें, एवढें यावरून म्हणतां येतें.

विज्ञानेश्वर ज्या वैद्यकाचा आधार घेतो, त्यांतही उन्मादमुक्तीचा विचार आहे. चरकसंहितेंत उन्मादाचें निदान निदानस्थानाच्या सातव्या अध्यायांत व त्याची चिकित्सा चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायांत आली आहे. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असें तेथें लक्षण केलें आहे. यांतील शेवटचीं तीन पदें, शील, चेष्टा व आचार, हीं चारचौघांत वावरण्याशीं निगडित आहेत. म्हणजे रोग केवळ डोक्यांत नसून मनुष्याच्या वागणुकींत व नात्यांत दिसतो, हें चरकाच्या ध्यानीं होतें. कांहीं आगंतु उन्माद असाध्य आहेत असें तो सांगतो, परंतु सर्वांसच तो तसा शिक्का मारीत नाहीं. चिकित्साध्यायाच्या अखेरीस उन्माद गेल्याचीं लक्षणें दिलीं आहेत: इंद्रियांची व त्यांच्या विषयांची, बुद्धि, आत्मा व मन यांची प्रसन्नता, आणि धातु स्वस्थितीस येणें. प्रिय वस्तूच्या नाशामुळें ज्याचें चित्त बिघडलें, त्यास तत्सदृश वस्तु मिळवून द्यावी व गोड शब्दांनीं धीर द्यावा, असाही उपदेश आहे. त्याच अध्यायांत रोग्यास बांधून एकांतांत ठेवणें, दांत काढलेल्या सापाचें भय दाखविणें, राजपुरुषांकडून दटावणें असले उपायही सांगितले आहेत. जुन्या ग्रंथाचा अभिमान बाळगतांना तीं पानें झांकून ठेवणें योग्य नव्हे.

एकोणिसाव्या शतकांत या विषयास निराळें वळण लागलें. १८५८ सालीं सरकारनें वेड्यांच्या बाबतींत ३४, ३५ व ३६ असे तीन कायदे केले. त्यांपैकीं ३५ वा कायदा जिल्हान्यायालयांमार्फत त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा आणि ३६ वा वेड्यांच्या इस्पितळांचा होता. १९१२ मध्यें त्यांच्या जागीं एकच कायदा आला. मुंबईस कुलाब्यास असें इस्पितळ होतें. पुढें नागपूर, रत्नागिरी, ठाणें व येरवडा येथें तशीं इस्पितळें निघालीं. तीं काढणाऱ्यांचा हेतु सर्वस्वीं वाईट होता असें नव्हे. रस्त्यावर वा तुरुंगांत पडलेल्या पुष्कळांस तेथें अन्न व आसरा मिळाला. परंतु या व्यवस्थेचा परिणाम नोंदींवरही झाला. वार्षिक अहवालांत दाखल झालेले, बरे होऊन गेलेले व मृत असे रकाने असत. 'बरे' या रकान्यांतील मनुष्य फाटकाबाहेर पडला कीं तो अहवालांतूनही बाहेर पडे. त्यास घरीं घेतलें कीं नाहीं, त्याचें शेत वा दुकान त्यास परत मिळालें कीं नाहीं, हें त्या रकान्यांवरून कळत नाहीं. उलट, जो आंतच राहिला त्याची नोंद वर्षानुवर्षें होत राहिली.

कागद पुष्कळ, पण बरे होण्याचा विचार थोडा, याचें आपल्याकडील सर्वांस परिचित असें उदाहरण कोल्हापूरच्या शिवाजीमहाराजांचें होय. राजाराममहाराज १८७० सालीं यूरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांच्या मागें १८७१ मध्यें दत्तक आलेले शिवाजीमहाराज अल्पवयी होते. पुढें त्यांस भ्रम झाल्याचें सरकारनें ठरविलें. दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे यांच्याकडून महाराजांचा छळ होतो, अशा आशयाचा मजकूर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत आला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता तीं बनावट ठरलीं. आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. महाराजांस कोल्हापुराहून दूर अहमदनगरास नेऊन ठेवण्यांत आलें होतें. तेथें एका गोऱ्या रखवालदाराशीं झटापट होऊन २५ डिसेंबर १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें होतें.

या प्रकरणावर तेव्हां व पुढेंही विपुल लेखन झालें. महाराज खरोखर भ्रमिष्ट होते कीं त्यांस तसें ठरविलें गेलें, व दोष कोणाचा, यावर त्या वादाचा सारा रोख होता. तो वाद महत्त्वाचा होताच. परंतु भ्रम खरा मानला तरी वीस वर्षांच्या तरुणास आपल्या माणसांपासून व आपल्या भाषेपासून तोडून किल्ल्यांत परक्यांच्या पहाऱ्यांत ठेवणें, हा त्यावर उपाय होता काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या गदारोळांत मागें पडला. राजास जें मिळालें नाहीं तें सामान्य रयतेस मिळणें अधिकच कठीण होतें.

याच सुमारास यूरोपांतील वैद्यकांतही निराशेचा मतप्रवाह बळावत होता. जर्मनींतील क्रेपेलिन यानें तरुण वयांत सुरू होणाऱ्या एका तीव्र चित्तविकाराचें वर्णन करून तो बहुधा बुद्धीच्या ऱ्हासाकडे जातो असें प्रतिपादिलें. झुरिचच्या ऑयगेन ब्लॉइलर यानें १९०८ मध्यें त्याच विकारास जें नांव दिलें, त्यास आपण हल्लीं छिन्नमनस्कता म्हणतों. बाप व मुलगा यांच्या कामाची येथें एक चांगली जोड आहे. मुलगा मान्फ्रेड ब्लॉइलर यानें त्याच बुर्गहोल्त्स्ली इस्पितळांतील २०८ रोग्यांचा वीस वर्षांहून अधिक काळ माग ठेवला, ते इस्पितळांत असोत वा घरीं असोत. १९७२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथावरून असें दिसलें कीं, रोग अखंड वाढतच जातो ही समजूत चुकीची आहे. पांचएक वर्षांनंतर बहुतेकांची प्रकृति आणखी खालावत नाहीं, कांहीं पूर्ण बरे होतात, आणि पुष्कळांस सुधारणा होते.

अमेरिकेंत व्हर्मांट संस्थानच्या इस्पितळांतून १९५०-६० च्या दशकांत बाहेर पडलेल्या २६९ दीर्घ रोग्यांचा शोध कोर्टनी हार्डिंग व तिच्या सहकाऱ्यांनीं सरासरी ३२ वर्षांनीं घेतला, आणि १९८७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक लोक बऱ्याच अंशीं सुधारले होते किंवा बरे झाले होते. हे रोगी वर्षानुवर्षें इस्पितळांत राहिलेले, म्हणजे ज्यांची आशा सुटली होती असे होते. त्यांस बाहेर काढतांना राहण्याची जागा, काम व ओळखीपाळखी यांची तजवीज अगोदर केली होती. मेन संस्थानांत तशी योजना नव्हती. तेथील तशाच रोग्यांशीं पुढें तुलना केली असतां व्हर्मांटचे लोक कामधंद्यांत व प्रकृतींत अधिक चांगले आढळले. वैद्यांस मग बरे झालेले कां दिसत नव्हते, याचें कारण १९८४ मध्यें पॅट्रिशिया व जेकब कोहेन यांनीं दाखविलें आहे: जो बरा होत नाहीं तो वैद्याकडे वारंवार येतो, आणि जो बरा होतो तो येत नाहीं, म्हणून वैद्याच्या नजरेसमोर पहिल्याचीच गर्दी होते. दप्तर वाचणाऱ्याचीही नेमकी हीच गत होते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आपल्या देशाचाही पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६०-७० च्या दशकाच्या उत्तरार्धांत नऊ ठिकाणीं छिन्नमनस्कतेची पाहणी सुरू केली. त्यांत आग्रा हें एक होतें. दोन व पांच वर्षांनीं पुनः चौकशी करतां आग्रा व नायजेरियांतील इबादान येथील रोग्यांची स्थिति अनेक श्रीमंत देशांतील रोग्यांपेक्षां बरी आढळली. या निष्कर्षावर पुढें आक्षेपही आले आहेत, आणि केवळ एकत्र कुटुंबाची थोरवी गाण्यास तो पुरेसा नाहीं. घरांत सांखळीनें बांधलेले रोगीही याच देशांत आहेत. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली तेव्हां बांधून ठेवलेले २८ जण जळून मेले. कुटुंब उपकारक ठरावें म्हणून त्यासही शिकवावें लागतें. अमृतसरच्या इस्पितळांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतर रोग्यांच्या नातलगांस आवारांतच तंबूंत राहावयास बोलाविलें. उपचार कसा चालतो, माणूस कसा सुधारतो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि मग आपला माणूस घरीं नेण्यास ते कचरले नाहींत.

नातें नसलेल्यांनींही हें काम केल्याचा दाखला बेल्जममधील गील या गांवीं मिळतो. संत डिंफ्ना हिच्या देवस्थानीं मध्ययुगापासून वेडे लोक आणले जात. जागा अपुरी पडे म्हणून गांवकरी त्यांस आपल्या घरीं ठेवून घेऊं लागले. पुढें तीच रीत झाली, आणि एकोणिसाव्या शतकांत सरकारनें तिची देखरेख आपल्याकडे घेतली. १९३८ च्या सुमारास तेथें साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे गांवकऱ्यांच्या घरांत, शेतांत व दुकानांत वावरत होते.

औषधांचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. १९३१ मध्यें गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग आधुनिक वैद्यकापुढें मांडला, आणि १९५२ मध्यें पॅरिस येथें क्लोरप्रोमाझिन हें औषध या रोगांत प्रथम वापरलें गेलें. तेव्हांपासून लक्षावधि लोकांस शुद्धीवर राहणें शक्य झालें आहे. विज्ञानेश्वराच्या 'औषधादि' या पदांतील औषधाचा भाग आज पूर्वींपेक्षां पुष्कळ बळकट आहे. सर्वच रोगी पूर्ण बरे होतात असेंही नाहीं. कित्येकांस जन्मभर औषध घ्यावें लागतें, आणि तें घेत घेत ते नोकरी व संसार करतात. अडतें तें पुष्कळदां भागप्राप्तीपाशीं. मनुष्य शुद्धीवर आला तरी त्याची जागा दुसऱ्यानें व्यापलेली असते.

कायद्यानें ही जागा परत देण्याचा प्रयत्न टप्प्याटप्प्यानें केला आहे. १९२८ च्या कायद्यानें मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपैकीं जन्मापासूनच वेडा वा जड असलेल्याखेरीज इतर कोणास व्यंगाच्या किंवा रोगाच्या कारणानें वारसा नाकारतां येईनासा झाला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानें तोही अपवाद काढून टाकला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १९ व्या कलमांत, मानसिक रोग असलेल्या मनुष्यास समाजांत राहण्याचा हक्क आहे, केवळ घरचे घेत नाहींत किंवा घरच नाहीं या कारणास्तव त्यास इस्पितळांत अडकवून ठेवूं नये, आणि कुटुंबाच्या घरांत राहण्याचा हक्क बजावण्यास सरकारनें त्यास कायदेविषयक साह्यासह मदत करावी, असें सांगितलें आहे. विज्ञानेश्वरानें हा हक्क बरे होण्याच्या अटीवर दिला होता. आजच्या कायद्यानें ती अटही ठेवलेली नाहीं. ही प्रगति मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. परंतु कायदा झाला म्हणून दार उघडतेंच असें नाहीं. 'नातींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत' ही भीति कलमानें जात नाहीं. घराण्यांत पूर्वीं कोणी आजारी पडला, त्यास पोसलें, तो बरा झाला व पुनः नांदला, हें लोकांस आपल्याच गांवच्या कागदांतून दिसूं लागेल, तर ती भीति कांहीं अंशीं कमी होईल असें आम्हांस वाटतें. तें दाखविणें संग्राहकांच्या हातीं आहे.

म्हणून आमच्या समव्यवसायी बंधूंस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. वांटणीपत्रें, निवाडपत्रें, महजर व अन्नवस्त्राचे करार यांत भ्रम, वेड, पिसें, खूळ, उन्माद असे शब्द आढळल्यास तो कागद 'संकीर्ण' म्हणून बाजूस टाकूं नये. यादींत त्याचा विषय स्पष्ट लिहावा. दुसरें, त्या मनुष्याचें नांव त्याच दप्तरांतील पुढील दहावीस वर्षांच्या कागदांत अवश्य शोधावें. कोठें साक्षीदार म्हणून, कोठें हिस्सेदार म्हणून, कोठें देण्याघेण्याच्या वहींत तो पुनः दिसला, तर तीच त्याच्या बरे होण्याची नोंद समजावी. दुसरी नोंद बहुधा मिळणार नाहीं. तिसरें, घरच्या मंडळींस संकोच वाटल्यास त्यांच्याशीं हुज्जत घालूं नये, आणि आम्हीं केलें तसें निमूटपणें कागद परतही करूं नये. नांवें व गांव गाळून शक मिति व मजकूर उतरून घेण्याची परवानगी मागावी. इतकें आम्हीं त्या दिवशीं त्या यजमानांजवळ मागितलें असतें, तर त्यांनीं बहुधा नाहीं म्हटलें नसतें. असे कागद ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं त्यांच्या नकला, नांवें गाळून कां होईना, मंडळाकडे पाठवाव्या, अशी प्रार्थना आहे.